घोंगडीखालची परीक्षा

सर्व संबंधितांस, आणि त्याहून जास्त असंबंधितांस, या दिवाळीच्या मुहूर्तावर अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, आदिलाबाद बसस्टँडमागच्या गल्लीतील आमच्या दुकानात यापुढे एकही बॅटरी घोंगडीत डोके घातल्याशिवाय विकली जाणार नाही. मग गिऱ्हाईक मोठा साहेब असो, नवरदेव असो, की नुकताच केसांना जेल लावून आलेला कॉलेजकुमार असो. ज्याला केस प्रिय, त्याने मोबाइलच्या उजेडात घर गाठावे. तक्रार चालणार नाही. हुकमावरून.

हा हुकूम मी पुठ्ठ्यावर लिहून दुकानात टांगला तेव्हा गल्लीतले लोक हसले. हसू द्या. अठ्ठावीस वर्षं मी बॅटऱ्या विकतो, त्याआधी माझे वडील विकत. या धंद्यात हसण्याचा पहिला मान गिऱ्हाइकाचाच असतो. पण हुकूम का काढावा लागला ते ऐका, म्हणजे तुम्हीही मुकाट्यानं घोंगडीत शिराल.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात, आणि तिच्या पोटात घालतात त्याला सेल. विजेरी हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता. ती मागायला आजवर कोणी आलेलं नाही. आलंच, तर मी त्या माणसाला बसवून चहा पाजीन. दुकानात खेड्यातला माणूस मराठीत घासाघीस करतो, मास्तरीणबाई तेलुगूत करतात, एक जुने मुन्शीजी होते ते उर्दूत ‘रोशनी’ची विचारपूस करत, आणि ट्रकवाले हिंदीत. नग परत आणताना मात्र सगळ्यांची भाषा एकच होते.

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळातली बॅटरी म्हणजे स्टीलची नळी, पुढे काच, आत वाटीसारखा चकाकता पत्रा आणि त्यात मुगाएवढा बल्ब. मागच्या झाकणात एक जादा बल्ब कापसात गुंडाळून ठेवलेला असायचा. बंद पडली की तळहातावर दोनदा आपटायची. लगेच शुद्धीवर यायची. सेल उतरले की बाया ते पापडाशेजारी उन्हात वाळत घालायच्या, आणि खरंच, त्यांत आणखी दोन रात्रींचा जीव यायचा. आता कोणाला सांगितलं तर मी थापा मारतो असं वाटतं. मी थापा मारतोच, पण ही त्यातली नाही.

आता धंद्यातली मूळ अडचण पाहा. बॅटरीचं काम अंधारातलं, आणि बाजार दिवसाचा. खेड्यातला माणूस सकाळच्या बसनं येणार, जिनिंग कारखान्यात कापूस घालणार, संध्याकाळच्या बसनं परतणार. त्याला भर दुपारी बारा वाजता, टळटळीत उन्हात, पिवळ्या बल्बचा उजेड दाखवायचा कसा? दुसरे दुकानदार बॅटरीच्या तोंडावर तळहात धरत आणि बोटं लाल दिसली की ‘पाहा, कशी आहे’ म्हणत. दादांना तो धंद्याचा अपमान वाटे. त्यांनी एका धनगराकडून जाड काळी घोंगडी घेतली. मध्ये स्टूल, अलीकडे दादा, पलीकडे गिऱ्हाईक, आणि दोघांच्या डोक्यावरून घोंगडी. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे की दोन माणसं सर्दीचा वाफारा घेताहेत.

आत काय चाले? स्टुलावर दादा मूठभर ज्वारी पसरत आणि त्यात ज्वारीएवढेच पांढरे खडे मिसळत. गिऱ्हाइकानं नव्या बॅटरीच्या उजेडात खडे निवडायचे. निवडले की बॅटरी पास. मग दादा तिचे गुण समजावत. उजेडाच्या मधोमध जो लख्ख गोल पडतो ती टिकली, आणि भोवती जो फिका उजेड पसरतो तो पदर. लांबचं जनावर पाहायला टिकली लागते, पायाखालची वाट पाहायला पदर. “टिकली पाहून बॅटरी घेनारा अन् टिकली पाहून बायको करनारा, दोघंबी मंग पस्तावते,” असं दादा म्हणत, आणि मागच्या खोलीतून आईचं एखादं भांडं आपटल्याचा आवाज येई.

लहानपणी एकदा मी हट्टानं त्या घोंगडीत शिरलो होतो. उजेड खालून आल्यामुळे दादांच्या भरघोस मिशांच्या सावल्या थेट भुवयांपर्यंत चढल्या होत्या आणि नाकपुड्या विहिरीसारख्या दिसत होत्या. मी जसा शिरलो तसाच बाहेर पळालो. चड्डी मात्र जशी होती तशी राहिली नाही.

मोठा झाल्यावर दादांनी मला धंद्याचा एकच मंत्र दिला. “बाळ्या, घोंगडीत बॅटरीकडं नको पाहू. गिऱ्हाइकाच्या डोळ्याकडं पाह्य.” मी त्याचा अर्थ लावला की, माल किती आवडला ते डोळ्यांत दिसतं, आवडलेला दिसला की भाव सोडायचा नाही. दुकानदाराचं पोरगं दुसरा काय अर्थ लावणार? हा अर्थ घेऊन मी कितीतरी वर्षं सुखानं जगलो.

घोंगडीत माणसं खरं बोलत. अंधारात, एकमेकांच्या बिडीच्या वासात, तोंडासमोर तोंड ठेवून बसल्यावर खोटं बोलायला जागाच उरत नसे. बैलबाजारातला एक दलाल एकदा आत शिरला आणि हळूच म्हणाला, “गोपाळशेठ, याच्यापेक्षा कमी उजेडाची नाई का?”

“काऊन जी?”

“जास्त उजेडात बैलाचे दात दिसते.”

दादांनी बॅटरी उचलून त्याच्याच तोंडावर धरली. “तुमचेबी दोन कमी हाय,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक यायच्या आत घरी जा.”

पुढे एलईडी आली आणि उजेडाचा महापूर आला. भर दुपारी समोरच्या भिंतीवर टिकली पडू लागली. घोंगडीचं काम संपलं. दादा गेले त्या वर्षी मी ती घडी घालून माझ्या खुर्चीवर अंथरली, आणि त्यानंतर रोज दादांच्या प्रयोगशाळेवर बसून धंदा केला. ही माझी चूक. तिचं फळ मिळायला बरीच वर्षं लागली.

मग आली ही हल्लीची टॅक्टिकल बॅटरी. वीतभरही लांब नाही. काळी कुळकुळीत, अंगावर खाचा, तोंडाला करवतीसारखे दाते, खिशाला अडकवायला क्लिप, आणि बटण शेपटीला. फौजेतल्या माणसासाठी बनवलेली, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. खोक्यावरच्या उजेडाच्या आकड्याला इतकी शून्यं असतात की, खरी मानली तर आदिलाबादेत बटण दाबल्यावर नागपूरचा कोंबडा आरवावा. मी आकडे वाचत नाही. माझी परीक्षा वेगळी. नग पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवायचा. सकाळी शहाबादी फरशीवर छातीएवढ्या उंचीवरून तीनदा सोडायचा. मग अर्धा तास सलग लावून हातात धरायचा. चटका बसू लागला तर तो नग स्वयंपाकघराचा, शेताचा नाही. आणि शेवटी दिवेलागणीला दुकानाच्या गच्चीवरून जिनिंगच्या पाण्याच्या टाकीवर झोत टाकायचा. टाकीची शिडी मोजता आली तर टिकली बरी.

या बॅटरीत सगळ्यात मोठा घोळ बटणाचा. एकदा दाबलं की पूर्ण उजेड, दुसऱ्यांदा मध्यम, तिसऱ्यांदा मंद, चौथ्यांदा लुकलुक. ही लुकलुक म्हणे शत्रूचे डोळे दिपवण्यासाठी असते. आमच्याकडे शत्रू एकच, रानडुक्कर. बोथ गावाकडच्या एका शेतकऱ्याला मी मोठ्या तोऱ्यात ती लुकलुक दाखवून बॅटरी विकली. आठ दिवसांनी तो आला.

“पळाले का डुकरं?” मी विचारलं.

“पळाले नाई जी, बसले. माय, पिलं, समदे लाइनीत. लग्नातलं लायटिंग पाह्यतात न, तसे. मले वाटलं आता जेवाले कवा वाढता म्हनून इचारते का काय.”

तेव्हापासून माझा नियम असा. बॅटरी पारखायची ती ओल्या हातानं, अर्ध्या झोपेत आणि भ्यालेल्या मनानं. या तिन्हींत जी एका अंगठ्यासरशी लागते ती खरी. बाकी सगळं खोकं. हा नियम मी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत असे. बॅटरी पारखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. तिथेच किसनकाका आले.

किसनकाका तामसीकडच्या एका खेड्यातले. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक. नाल्याकाठी भेंडी-वांग्याचा मळा आणि त्याला लागून ज्वारीचा पट्टा. ज्वारीच्या मधोमध चार बल्ल्यांवर उभारलेलं मचाण, आणि त्यावर पिकाची राखण करायला रोज काका. मागच्या वर्षी पोळा झाल्यावर ते सुनेला घेऊन दुकानात आले. सुनेचं नाव रुक्मा. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी असतो, त्यामुळे घर आणि मळा दोन्ही रुक्माच्या हातात, आणि दोन्ही तिला टरकून असतात.

“बाळ्या हाय का बे दुकानात?” काका दारातून म्हणाले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. पन्नाशीच्या माणसाला चारचौघांत बाळ्या म्हणणारी माणसं आता थोडीच उरलीत, म्हणून मला गोडच वाटलं.

“हाय न काका. बसा.”

“तुया बाप गेला तवा तेरवीच्या जेवनाले आलतो, त्याच्यानंतर आत्ताच. भात कच्चा होता बे तवा.”

“अजून ध्यानात हाय का?”

“पोटात हाय.”

रुक्मानं पिशवी काउंटरवर ठेवली आणि थेट विषयाला हात घातला. “भाऊ, यायले तुमीच सांगा आता. दोन डाव पाटाच्या पान्यात पडले हे. मी म्हनलं, मामाजी, राखनीले गडी लावू, तुमी घरी ओट्यावर बसा. त म्हनते, बॅटरी खराब हाय.”

“खराबच हाय,” काका म्हणाले. “अन् ओट्यावर कोन बसते? ओट्यावर बसलेला मानूस म्हंजे दारात टेकवलेली खाट. येनारा जानारा तिच्यावर ओलं फडकं टाकते.”

“आयकलं न भाऊ? म्हनून मी सांगतलं, घ्या नवी बॅटरी. पन ज्वारी हुरड्यावर येईस्तोवर जर पुन्यांदा पडले, त मचान मोडून चुलीत घालतो मी.”

काकांनी मचाणाची बल्ली धरावी तशी काउंटरची कड धरली होती. या म्हाताऱ्याचं सगळं म्हातारपण चार बल्ल्यांवर उभं आहे, एवढं मला कळलं. मी त्यांना पदर रुंद असलेली, पायवाटेची, गुणी बॅटरी दिली.

आठ दिवसांनी ती परत. “याच्यात धुकं हाय,” काका म्हणाले.

काचेत दमटपणा शिरला की उजेड खरंच धुरकट पडतो, ते मला माहीत. मी नग खोलला, काच पुसली, रबराची कडी बदलली. पंधरवड्यात पुन्हा परत. धुकं. मी म्हटलं, हा नगच करंटा असेल, आणि त्याहून लख्ख दुसरी दिली. तीही आली. “याच्यात तं जास्तच धुकं हाय बे.”

आता हा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला. मी टॅक्टिकल बाहेर काढली. दुकानातला सगळ्यात जबर नग. काकांसमोर मी तो बादलीत बुडवला, फरशीवर आपटला, ओल्या हातानं लावून दाखवला. समोरच्या चहावाल्याची किटली उन्हातही चकाकून उठली. एवढा प्रयोग चालू असताना काका माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी पाहत होते. मला वाटलं, तुच्छता. मी कलप लावलेल्या मिशीवर हात ठेवून म्हणालो, “काका, याच्यात धुकं निघालं त ही मिशी उतरवून ठेवतो.”

ज्वारी पोटरीतून बाहेर पडून हुरड्याला लागण्याच्या बेतात होती तेव्हा दोघं पुन्हा आली. काकांचं डावं मनगट फडक्यात बांधलेलं. पाटात तिसऱ्यांदा पडले होते, हातात माझी टॅक्टिकल पूर्ण उजेडात लावलेली असताना. रुक्मानं ती काउंटरवर ठेवली. “हे घ्या भाऊ तुमचं. आता मचान मोडाले मानूस सांगतला मी.”

आणि माझ्या तोंडून जे गेलं त्याची मला आजही लाज वाटते. चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, “बॅटरी एक नंबर हाय काका. तुमालेच चालवता येत नाई.”

काकांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, “तुया बाप असता त त्यानं घोंगडी काढली असती.”

मी घोंगडीवरच बसलो होतो. उठलो. ती झटकली तेव्हा तिच्यातून कापसाची किती वर्षांची रुई उडाली. स्टूल मध्ये घेतलं. शेजारच्या किराणा दुकानातून मूठभर ज्वारी आणवली, पायरीजवळचे बारके खडे वेचले. काका पलीकडे बसले, मी अलीकडे, आणि वरून तो मेंढीचा, बिडीचा, दादांचा वास. क्षणभर मला कळेना की मी बाळ्या आहे की शेठ आहे.

मी पूर्ण उजेड लावला. ज्वारीचा दाणा न् दाणा मोत्यासारखा दिसत होता. “निवडा काका.”

काकांनी दोन बोटांनी एक दाणा उचलला. “हा खडा.”

तो ज्वारीचा होता. मला वाटलं थट्टा करताहेत. दुसरा उचलला, तोही ज्वारीचा. मग त्यांनी उजेडाकडे दुर्लक्ष केलं आणि बोटांनी दाणे चाचपायला लागले. “धुकं हाय बे,” ते हळूच म्हणाले. “पाह्य न.”

आणि तेव्हा, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, मी बॅटरी आणि भाव दोन्ही विसरून गिऱ्हाइकाच्या डोळ्याकडे पाहिलं. दोन्ही बुबुळांच्या मधोमध ताकाचा थेंब सांडावा तसा पांढुरका डाग होता. उजेड त्यावर पडत होता आणि तिथेच फुटून पसरत होता. मी बटण दाबलं. मध्यम. पुन्हा दाबलं. मंद.

“आता कमी झालं,” काका म्हणाले.

उजेड कमी केल्यावर ज्याला बरं दिसतं, असं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणजे तीन महिने मी एकाहून एक लख्ख बॅटरी देऊन या माणसापुढे एकाहून एक दाट धुकं उभं करत होतो, आणि मिशीवर हात ठेवत होतो.

“काका,” मी म्हणालो, “धुकं बॅटरीत नाई.”

“मले माहीत हाय.”

“कवापासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

काका ज्वारीच्या दाण्यांवरून बोट फिरवत राहिले. “बॅटरी खराब हाय म्हनलं त लोक बॅटरी बदलते. डोळे खराब हाय म्हनलं त मानूस बदलते. गडी लावते.” मग म्हणाले, “तुया बापाले सांगाचं होतं. तो नाई, त म्हनलं तुले सांगू. बाहीर नको बोलू बे.”

बाहेरून रुक्माचा आवाज आला. “काय झालं जी? हाय का धुकं?”

घोंगडीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा दादांचा दंडक. आणि इथे एक माणूस रोज संध्याकाळी झोत डोळ्यांत घेऊन पाटाच्या काठानं चालणार होता. मी दोन श्वास विचार केला असेन. मग घोंगडी दोघांच्याही डोक्यावरून एकदम मागे टाकली. काकांचं तोंड उघड्या दाराकडे होतं. मी म्हणालो, “वैनी, इकडं या. यायच्या डोळ्यात पाह्या.”

काकांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, जे तोंड केलं ते मी विसरणार नाही.

रुक्मा वाकली. सासऱ्याच्या डोळ्यांत सून कधी अशी पाहत नाही, तिनं पाहिलं. मग बाकावर बसली. “रोज वाढतो मी यायले,” ती म्हणाली. “ताट चाचपून जेवते, हे पाह्यलं. म्हनलं, म्हातारपन.” आणि मग तिला राग आला, आणि तो आला तो माझ्यावर. “तुमी तीन महिने बॅटऱ्याच बदलून राह्यले का जी?”

मी घोंगडीची घडी घालायला लागलो.

काका ऑपरेशनला तयार होईनात. डोळा काढून ताटलीत ठेवतात आणि परत बसवताना उलटा बसवतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. शेवटी रुक्मानं सौदा केला. “मचान मोडत नाई. तुमी बरे होईस्तोवर त्याच्यावर मी बसतो. बरे झाले की याच दुकानात, याच घोंगडीत खडे निवडाचे. समदे निवडले त मचान तुमचं. एक चुकला त ओटा.”

“लिहून दे,” काका म्हणाले.

“माही जबान हाय.”

डोळ्याच्या डॉक्टरांकडे मीही गेलो. गुन्हेगार घटनास्थळी जातोच. डॉक्टरांनी खिशातून पेनाएवढी एक बॅटरी काढली. पिवळट, टिकली वाकडी, पदर नावालाही नाही. माझ्या दुकानात मी तिला उभं केलं नसतं. त्यांनी ती काकांच्या डोळ्यासमोर दोन सेकंद धरली आणि माझ्या सगळ्या बादल्या, फरश्या आणि पाण्याच्या टाक्या निकालात काढल्या. “गाडीच्या काचेवर धूळ आहे आणि समोरून ट्रकचा झोत आला, तर रस्ता दिसतो का?” त्यांनी मला विचारलं. “मोतीबिंदूचं तसंच असतं. झोत जितका मोठा, तितकं कमी दिसतं.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही काय करता?” मी म्हणालो, किराणा.

दादांच्या मंत्राचा अर्थ मला दवाखान्याच्या बाकावर बसून लागला. ते गिऱ्हाइकाचे डोळे पाहत ते भाव ठरवण्यासाठी नव्हे. उजेड पडला की बाहुली आक्रसते का, खडा दिसतो की चाचपावा लागतो, ते पाहत. काही गिऱ्हाइकांना दादा बॅटरी न देता परत पाठवत आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगत. धंद्याची अक्कल नाही, असं मी तेव्हा आईला म्हणालो होतो.

आधी उजवा डोळा झाला. धुळीत जायचं नाही, म्हणून काका महिनाभर घरी, आणि मचाणावर रुक्मा. ती गावी निघाली तेव्हा मी तिला ती टॅक्टिकल दिली, आणि बटणाची चारही कामं समजावून सांगितली. पुढे तिला विचारलं, कशी आहे बॅटरी? “चांगली असंल भाऊ,” ती म्हणाली. “माही लावाची पाळीच नाई आली. शिव्याच पुरल्या.” ज्वारीचं एक कणीस वाया गेलं नाही, असं काकांनीच पुढे कबूल केलं, पण फार खुशीनं नाही.

महिन्यानं परीक्षेचा दिवस आला. काका काळा चष्मा लावून आले, नवं धोतर नेसून. रुक्मानं ज्वारी घरूनच आणली होती आणि खडेही. खडे तिनं स्वतः नदीतून वेचले होते, असे की मलाही दोनदा पाहावं लागलं. सात खडे तिनं मोजून ज्वारीत मिसळले. घोंगडीबाहेर एक स्टीलची ताटली ठेवली आणि अट घातली की, निवडलेला खडा काकांनी हात बाहेर काढून ताटलीत टाकायचा, भाऊनं मदत करायची नाही. बातमी पसरली होती. चहावाला किटली खाली ठेवून उभा होता. तामसीच्या बसची वाट पाहणारी दोन-चार माणसं पायरीवर टेकली होती.

आत शिरलो. काकांनी चष्मा काढला. मी बॅटरी मध्यमवर लावून त्यांच्या हातात दिली. आता मीही शिकलो होतो.

काकांनी वाकून पाहिलं. बोटांनी चाचपलं नाही. एक खडा उचलला, हात बाहेर काढला. ताटलीत टक् झालं.

“एक,” बाहेरून रुक्मा म्हणाली.

दोन. तीन. चौथ्याला बोटं दाण्यावर थांबली, बाजूला सरकली, आणि बरोबर खडा उचलला. पाच. सहा. मग काका थांबले. ज्वारी पसरली, पुन्हा पसरली. माझ्या कपाळावरचा घाम नाकावर उतरला. सातवा कुठे आहे ते मला दिसत होतं, स्टुलाच्या कडेशी, एका फुटक्या दाण्याखाली, आणि मला बोलायची मनाई होती. काकांनी तो फुटका दाणा नखानं हळूच बाजूला केला.

टक्.

“सात,” रुक्मा म्हणाली. मग तिचा आवाज आला, “जा मंग बसा मचानावर.” आवाज जरा ओला होता, पण ती नाकबूल करील, म्हणून मी आग्रह धरत नाही.

काकांनी मोठा श्वास सोडला आणि मान वर केली. बॅटरी हातातच होती, तिचा उजेड स्टुलावरून वर माझ्या तोंडावर आला. मिशीला काळं लावणं मी त्या महिन्यात सोडलं होतं. ज्या मिशीची पैज मारून बसलो, तिच्याशी आणखी खोटं वागवेना. काका पाहत राहिले. किती वर्षांनी माझं तोंड त्यांना नीट दिसत होतं कोण जाणे. मग त्यांनी दुसरा हात कपाळाला लावून मला रीतसर रामराम घातला, आणि पायरीवरच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

“गोपाळशेठ? तुमच्या तेरवीले तं जेवून गेलो न जी मी.”